मध्यरात्रीचे भुंकणे : कारण शोधण्याच्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

आमची चिंगी गावठी जातीची, नसबंदी झालेली, अकरा वर्षांची कुत्री आहे. ठाण्यात शिवाईनगरच्या बाजूला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या चार मजली जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दसऱ्यानंतर चिंगी मध्यरात्री अचानक उठून जोराने भुंकू लागली. दिवाळी होईपर्यंत फटाक्यांचा परिणाम असेल असे म्हणून आम्ही थांबलो, परंतु फटाके संपले तरी भुंकणे संपले नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून "अहो, तुमची चिंगी रात्री नेमकी कोणाशी भांडते?" असे विचारल्यावर उत्तर शोधणे भाग पडले.

आजपासून एक वही केली आहे. तिच्यात भुंकण्याची वेळ, त्या वेळी तोंड कोणत्या दिशेला होते, त्याआधी चिंगी झोपलेली होती की जागी, कान आणि शेपटी कशी होती, भुंकणे कशाने थांबले, आणि रस्त्यावरची कुत्री आधी भुंकली की नंतर, एवढेच लिहायचे ठरवले. कारणाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही, कारण तो असला की आधी तोच भरला जातो आणि बाकीचे रकाने त्याला जुळवून घेतले जातात.

५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. तुळशीच्या लग्नापासून रोजच फटाके वाजत असल्यामुळे या दिवसांच्या नोंदी बाद केल्या. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी सणांचे, लग्नाच्या वरातींचे आणि जवळपास रस्ताखोदाई चालू असलेले दिवस सुरुवातीसाठी निवडू नयेत.

९ नोव्हेंबर

जुना फोन विमान मोडमध्ये टाकून, चार्जरला लावून स्वयंपाकघराच्या दारात ठेवला आणि रात्रभर आवाज ध्वनिमुद्रित केला. एका वाहिनीचे साधे, न दाबलेले ध्वनिमुद्रण तासाला साधारण ३०० मेगाबाइट जागा घेते, म्हणजे आठ तासांना सुमारे अडीच गिगाबाइट लागतात. पहिल्या रात्री फोनमध्ये तेवढी जागा नव्हती आणि ध्वनिमुद्रण दीडच्या सुमारास बंद पडले. ती रात्र फुकट गेली.

सकाळी संपूर्ण फाइल ऐकत बसण्याची गरज नसते. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत ती उघडली की भुंकण्याच्या जागी आलेख उंच उठलेला दिसतो, आणि आपल्याला ऐकायची असतात ती प्रत्येक उंचवट्याच्या आधीची दोन-तीन मिनिटे. भुंकणे सुरू झाल्यानंतर घरातली माणसे उठतात, दिवे लागतात, खालची कुत्री साथ देतात आणि मग कोणी आधी सुरुवात केली हे जागेपणीच्या आठवणीवरून सांगता येत नाही. आमची समजूत अशी होती की फाटकाजवळची कुत्री भुंकतात आणि चिंगी त्यांना उत्तर देते. ध्वनिमुद्रणात बहुतेक वेळा उलटे निघाले : चिंगी आधी, फाटकावरची कुत्री नंतर. वॉचमनलाही हेच वाटत होते, तो म्हणाला, "काका, आमची कुत्री तुमच्या वरच्या आवाजाने उठतात."

दुसरी गोष्ट म्हणजे अडीचच्या आसपासच्या भुंकण्याआधी डक्टच्या, म्हणजे इमारतीतील पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीच्या, बाजूने बारीक खरवडल्यासारखा आवाज होता.

१३ नोव्हेंबर

डक्टमध्ये उंदीर असावेत असे गृहीत धरून, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचे, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवणारे यंत्र ६५० रुपयांना आणले आणि ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या बाल्कनीत, लावले. पाकिटावर पाळीव प्राण्यांना त्रास होत नाही असे छापलेले होते. त्या संध्याकाळी चिंगी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे आली नाही, पाण्याचे भांडे आत असूनही प्यायली नाही, आणि रात्री नेहमीपेक्षा अधिक वेळा उठली.

हे अगोदर सुचायला हवे होते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत. अशी बरीच यंत्रे त्या मधल्या पट्ट्यात काम करतात. जो आवाज उंदराला असह्य व्हावा अशी अपेक्षा आहे तो त्याच खोलीतल्या कुत्र्याला ऐकूच येणार नाही, असे मानायला काहीही आधार नाही. यंत्र काढल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आत आली. शेजारच्या घरात किंवा मीटरच्या खोलीत असे यंत्र लावलेले आहे का, हे भुंकणाऱ्या कुत्र्याच्या प्रत्येक घराने विचारून पाहावे. आमच्या इमारतीत दुसरे कोणाकडे नव्हते.

उंदीर स्वतःही माणसाच्या ऐकण्यापलीकडे बोलतात. त्यांची भयसूचक हाक २२,००० हर्ट्झच्या आसपास असते आणि एरवीचे आवाज ५०,००० च्या आसपास. फोनचा मायक्रोफोन यांतले जवळजवळ काहीच पकडत नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणात शांतता दिसली म्हणून कुत्रा "उगाच" भुंकला असा निष्कर्ष काढता येत नाही. ध्वनिमुद्रण एखादा आवाज होता हे दाखवू शकते, नव्हता हे दाखवू शकत नाही.

१६ नोव्हेंबर

सोसायटीच्या गटावर बिबट्याची चर्चा सुरू झाली. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तेथे बिबटे आहेत, आणि वस्तीलगतची कुत्री हे त्यांचे भक्ष्य असते, त्यामुळे शंका घेण्यात वावगे काही नाही. परंतु कोणी तरी दुसऱ्याच गावातला जुना व्हिडिओ "आपल्या मागच्या गल्लीतला" म्हणून टाकला आणि दोन दिवस मुलांचे खाली खेळणे बंद झाले. सचिवांना विनंती करून फाटकाच्या कॅमेऱ्यातले रात्री दोन ते पाच या वेळेचे चित्रण पाहिले. वॉचमन, दोन मांजरी आणि वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा यांखेरीज त्यात कोणी नव्हते. मागची भिंत त्या कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून तिथला अंधारा कोपरा आणि उघडी कचराकुंडी हे दोन विषय सोसायटीपुढे मांडले. कुंडीला झाकण बसले, दिवा अजून बसलेला नाही.

चिंगीच्या वागण्याकडे पाहता मला बिबट्याचा संशय कमी वाटत होता. ती खाली किंवा मागच्या भिंतीकडे न पाहता ड्राय बाल्कनीच्या वरच्या कोपऱ्याकडे मान उंचावून भुंकत असे. वहीतला दिशेचा रकाना पहिल्यांदा उपयोगी पडला तो इथे.

२१ नोव्हेंबर

रात्री दिसणारा साधा वायफाय कॅमेरा २,१०० रुपयांना आणि त्याचे मेमरी कार्ड ४५० रुपयांना घेतले. पहिल्या रात्री कॅमेरा स्वयंपाकघरात, बंद खिडकीच्या काचेआड ठेवला आणि सकाळी पाहिले तर सगळे चित्रण पांढरेफटक. कॅमेऱ्यातील अवरक्त दिव्यांचा प्रकाश काचेवर आपटून परत भिंगात शिरतो. डासांची जाळी मध्ये असली तरी तसेच होते. शेवटी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तो ग्रीलच्या आतल्या बाजूला, काचेच्या बाहेर बांधला आणि तोंड डक्टमधील सांडपाण्याच्या पाइपाकडे केले. समोरच्या घराची खिडकी चित्रात येत होती, म्हणून तेवढ्या भागावर कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधून काळी पट्टी टाकली आणि त्या घरी जाऊन तसे सांगितलेही. न सांगता लावलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशी भांडणाचे कारण होतो.

हालचाल दिसताच सूचना देण्याची सोय तासाभरात बंद करावी लागली. पाल भिंगासमोरून गेली, पतंग दिव्याभोवती फिरला, कोळ्याच्या जाळ्याचा धागा वाऱ्याने हलला, की फोन वाजे. त्याऐवजी रात्रभर चित्रण चालू ठेवून सकाळी फक्त वहीतल्या वेळा पाहणे सोपे जाते. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि फोनचे घड्याळ आधी जुळवून घ्यावे. आमच्या कॅमेऱ्याचे घड्याळ काही मिनिटे मागे होते आणि त्यामुळे एक सकाळ रिकाम्या पाइपाकडे पाहण्यात गेली.

२४ नोव्हेंबर

सापडले. दोन वाजून छत्तीस मिनिटांनी पाइपावरून एक लांब शेपटीचा प्राणी खालून वर चढला, आमच्या छज्जावर क्षणभर थांबला आणि गच्चीकडे गेला. चिंगी सहा-सात सेकंदांनी भुंकली. मांजरापेक्षा लांब अंग, आखूड पाय आणि डोळ्यांभोवती काळा मुखवटा असल्यासारखे तोंड, म्हणजे उदमांजर. दुसऱ्या रात्रीही तोच मार्ग आणि जवळपास तीच वेळ होती.

उजेड झाल्यावर छज्जावर वाकून पाहिले तेव्हा एका कोपऱ्यात वाळलेली विष्ठा होती आणि तिच्यात न पचलेल्या बिया भरलेल्या होत्या. सोसायटीच्या बागेत शोभेसाठी लावलेल्या भेरली माडाचे घड सध्या पिकलेले आहेत. त्याखाली पडलेल्या फळांतल्या बिया आणि या बिया सारख्याच निघाल्या. (ही फळे हाताने फोडू नयेत. गर त्वचेला लागला की चांगलीच खाज सुटते, चिमटा वापरावा.) दसऱ्यापासून भुंकणे का सुरू झाले याचा उलगडा यातून होतो असे मला वाटते. फळे पिकली, येण्याजाण्याला वाट ठरली, आणि ती वाट आमच्या ड्राय बाल्कनीपासून हातभर अंतरावरून जाते. चिंगीला वास आणि खरवड दोन्ही मिळत होते, आम्हाला काहीच मिळत नव्हते.

सचिवांचे पहिले म्हणणे पिंजरा लावून पकडू असे होते. उदमांजर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि त्याला परस्पर पकडणे हा गुन्हा आहे, हे त्यांना सांगितल्यावर तो विषय मिटला. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारले. प्राणी जखमी नाही, घरात शिरलेला नाही आणि कोणावर चालून आलेला नाही, तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, असे त्यांनी समजावले. मला हे पटते. फळे आणि चढायला पाइप असेपर्यंत एकाला हलवले तरी त्या जागी दुसरे येईल.

२७ नोव्हेंबर

पाइपाचे काम सोसायटीच्या बैठकीशिवाय होणार नाही, म्हणून आधी घरातले बदल केले. चिंगीचे अंथरूण स्वयंपाकघराच्या दाराजवळून उचलून आमच्या झोपण्याच्या खोलीत नेले, ड्राय बाल्कनीचे दार रात्री बंद ठेवले, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली आणि पंखा एका वेगावर चालू ठेवला, जेणेकरून बारीक आवाज त्यात बुडावेत. ती भुंकली तर ओरडायचे नाही असेही घरात ठरले. "ए, गप्प बस!" असे मोठ्याने म्हटले की कुत्र्याच्या समजुतीने आपणही भुंकण्यात सामील होतो. त्याऐवजी उठून तिच्यासोबत त्या जागेपर्यंत जायचे, पाहायचे, आणि तिला हळू आवाजात हाक मारून परत अंथरुणाकडे आणून चण्याएवढा चीजचा तुकडा द्यायचा. तुकडा जागेवर परतल्यावरच द्यायचा. भुंकत असताना दिला तर भुंकण्याचा मोबदला ठरतो.

३० नोव्हेंबर

अडीचचे भुंकणे जवळजवळ थांबले. कॅमेऱ्यात उदमांजर येते-जाते, चिंगी कान उभारते आणि पुन्हा पडते. काम झाले असे समजून मी वही बंद करणार होतो, पण सौ. म्हणाली, "अहो, चारचे काय? चारला ती आजही उठली होती."

वही पुन्हा नीट वाचली तेव्हा लक्षात आले की आपण दोन वेगळी भुंकणी एकाच नावाखाली लिहीत आलो आहोत. अडीचच्या नोंदींत ती भुंकण्याआधी उभी आहे, कान पुढे आहेत, तोंड बाल्कनीकडे आहे, आवाज भरदार आणि सलग आहे. साडेतीन ते साडेचारच्या नोंदींत ती झोपेतून उठता उठता भुंकते, दिशा ठरलेली नाही, कधी भिंतीकडे तर कधी आमच्याकडे तोंड असते, आवाज उंच पट्टीचा आणि तुटक असतो, आणि थोडे चालल्यावर ती आपोआप गप्प होते. या दुसऱ्या प्रकाराच्या आधी ध्वनिमुद्रणात किंवा चित्रणात एकदाही काही सापडलेले नाही. त्या वेळा मी उदमांजराच्या परतीच्या फेरीच्या म्हणून मनात खपवल्या होत्या, आणि परतीच्या फेरीचे चित्रण मात्र एकदाही शोधले नव्हते. एक खरे कारण हाती लागले की बाकीच्या नोंदी त्याच्याच खात्यावर टाकण्याचा मोह होतो, आणि या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ गेला तो त्यातच.

४ डिसेंबर

पशुवैद्यांकडे गेलो. जाताना वहीतली दोन्ही प्रकारांची पाने आणि चारच्या वेळचे फोनवर काढलेले दोन छोटे व्हिडिओ नेले. दवाखान्यात कुत्रा घाबरलेला आणि ताठ असतो, लंगडत असला तरी तिथे लंगडत नाही, त्यामुळे घरचा व्हिडिओ फार उपयोगी ठरतो. डॉक्टरांनी व्हिडिओ पाहूनच विचारले की उठताना ती आधी पुढचे पाय रोवून मागचा भाग ओढते, हे कधीपासून आहे. आम्ही ते रोज पाहत होतो आणि वयाचा भाग म्हणून सोडून देत होतो.

क्ष-किरण तपासणीत दोन्ही खुब्यांच्या सांध्यांत संधिवाताचे बदल दिसले, डावीकडे अधिक. काही तास एका कुशीवर पडून सांधा आखडतो, पहाटेच्या गारव्यात अधिकच, आणि कूस बदलताना कळ आली की कुत्रा दचकून भुंकत उठतो, असे त्यांनी स्पष्ट केले. निरोगी कुत्रीही रात्री सलग झोपत नाहीत. त्यांच्या झोपेच्या एका जुन्या अभ्यासात सरासरी १६ मिनिटे झोप आणि ५ मिनिटे जाग असे चक्र आढळले होते. म्हणजे उठण्याचे प्रसंग रात्रभर येतच असतात. दुखणे असेल तर त्यांतला प्रत्येक प्रसंग त्रासाचा होऊ शकतो.

वयोमानानुसार मेंदूच्या कार्यात होणारा ऱ्हास हीही शक्यता त्यांनी तपासली. अमेरिकेतील २००१ च्या एका पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या सुमारे २८ टक्के कुत्र्यांत आणि १५ ते १६ वर्षांच्या सुमारे ६८ टक्के कुत्र्यांत त्याचे एक तरी लक्षण दिसले होते. त्यासाठी ती घरात वाट चुकते का, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभी राहते का, ओळखीच्या माणसांशी वागणे बदलले का, घरात लघवी करते का, दिवसा झोपून रात्री येरझारा घालते का, असे प्रश्न विचारले. आमची उत्तरे बहुतेक "नाही" होती, त्यामुळे सध्या तो विचार बाजूला ठेवला आहे. लघवीची तपासणीही केली. ती ठीक आली.

रक्ताच्या तपासणीत यकृत आणि मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री झाल्यावरच कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक सुरू केले. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देण्याचा सल्ला मला आतापर्यंत तीन भल्या माणसांनी दिला आहे. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरते, आणि पॅरासिटामॉलही धोक्याचे आहे. हा सल्ला कोणीही मानू नये. तपासणी ७००, क्ष-किरण १,८००, रक्त व लघवी मिळून १,६०० आणि औषध १,१०० रुपये असा खर्च आला.

११ डिसेंबर

औषधाइतकाच फरक जमिनीने पडला असे माझे मत झाले आहे. आमच्या फरश्या गुळगुळीत आहेत आणि उठताना तिचे मागचे पाय फाकत असत. अंथरुणापासून दारापर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी पाठीच्या चटया अंथरल्या (१,४५० रुपये), पातळ गोधडीऐवजी जुन्या गादीचा जाड तुकडा दिला, आणि भिंतीलगत एक मंद दिवा रात्रभर लावून ठेवला. शेवटची फेरी साडेनऊऐवजी अकराला, पण छोटी आणि सावकाश. चारचे भुंकणे आता रोज होत नाही. ज्या रात्री होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती बहुधा जास्त जिने चढलेली असते. लिफ्ट बंद होती त्या दिवशी हे स्पष्ट दिसले.

१८ डिसेंबर

सोसायटीने पाइपाच्या कामाला मान्यता दिली. फॅब्रिकेटरने पहिल्या मजल्याच्या उंचीवर पाइपाभोवती जस्ताच्या पत्र्याची गुळगुळीत, साधारण दोन फूट उंचीची नळी बसवली, जेणेकरून नखांना पकड मिळू नये. खर्च २,४०० रुपये, सोसायटीच्या खात्यातून. त्याआधी प्लंबरला सोबत घेऊन गच्चीवरची पत्र्याची शेड आणि टाकीमागची जागा दिवसाउजेडी पाहिली, कारण वर पिल्ले असतील आणि खालची वाट बंद केली तर पिल्ले उपाशी मरतील. काही नव्हते.

पत्रा बसवल्यानंतर उदमांजराने तिसऱ्याच रात्री जांभळाच्या फांदीवरून थेट दुसऱ्या मजल्याचा छज्जा गाठला. आमच्या बाजूने नव्हे, एवढाच लाभ. फांदी तोडा असा आग्रह लगेच सुरू झाला. शहरातील झाडाच्या फांद्या छाटण्यासाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तसा अर्ज सचिवांनी दिला आहे आणि उत्तर यायचे आहे. मला स्वतःला फांदी राहिली तरी चालेल.

२८ डिसेंबर

कॅमेरा काढला. आमचा खर्च ९,८५० रुपये झाला, पत्र्याचा खर्च त्यात धरलेला नाही. क्रम उलटा केला असता, म्हणजे पहिल्या आठवड्यातच चिंगीला पशुवैद्यांकडे नेले असते, तर उंदरांच्या यंत्राचे पैसे वाचले असते आणि तिचे दुखणे महिनाभर आधी कमी झाले असते. कॅमेरा मात्र तरीही घ्यावा लागला असता, कारण उदमांजर कोणत्याही क्ष-किरणात दिसले नसते. सात वर्षांवरील कुत्रा नव्याने रात्री भुंकू लागला तर वही आणि तपासणी एकाच वेळी सुरू करावी.

खालच्या काकूंनी परवा विचारले, "आता कोणाशी भांडत नाही वाटतं?" त्यांना छज्जावरच्या पाहुण्याचे चित्रण दाखवले, तेव्हा त्यांनी आपल्या खिडकीतल्या पिकलेल्या केळ्यांची फणी आत घेतली. वेदनाशामक चालू असल्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणी पुन्हा करायची आहे, आणि जिन्यासाठी तिला मागून आधार देणारा पट्टा शिवून घ्यायचा आहे. त्याचे माप आज घेतले.